लिंडबर्ग आडनावामागचं गाव: एका स्वीडिश घराण्याच्या मुळांचा शोध

चार्ल्स लिंडबर्गने मे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्याने, वाटेत कुठेही न उतरता विमान नेलं आणि त्याचं आडनाव जगभर पोचलं. त्या घराण्यात ते आडनाव तेव्हा जेमतेम ६८ वर्षांचं होतं. त्याच्या आजोबांनी ते १८५९ मध्ये, स्वीडन सोडताना घेतलं. त्याआधी ते ऊला मोन्सन होते. दक्षिण स्वीडनमधले शेतकरी, संसद सदस्य आणि सात मुलांचे वडील.

अमेरिकेत स्वीडिश वंशाची लक्षावधी माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे बारा-तेरा लाख माणसांनी स्वीडन सोडलं, आणि १८६०च्या आसपास त्या देशाची एकूण लोकसंख्याच चाळीस लाखांच्या आत होती. त्यांच्या पणतू-खापरपणतूंपैकी पुष्कळजण आज पूर्वजांचं गाव पाहायला, तिथल्या नातेवाइकांना भेटायला जातात. बहुतेकांच्या हातात सुरुवातीला एक आडनाव असतं आणि बहुतेकांचा शोध त्या आडनावापाशीच अडतो. लिंडबर्गांचं प्रकरण मी घेतलं, कारण अशा शोधात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथे एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या आहेत: बदललेलं नाव, विवाहबाह्य मूल, गुपचूप प्रस्थान आणि दोन संसार. देश सोडून गेलेल्या माणसाचा माग काढायचा असेल, तर तो ज्यांना सोडून गेला त्यांच्या घरापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. हे प्रकरण त्याचा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

घडलं ते असं

ऊला मोन्सनचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. गाव गोर्डलोसा, पॅरिश स्मेडस्टॉर्प, प्रांत स्कोने. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला गावांचा समूह. पुढे सगळा शोध या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

त्या काळी स्वीडनच्या संसदेत, रिक्सडागमध्ये, समाजाचे चार वर्ग वेगवेगळे बसत: सरदार, धर्मगुरू, शहरी नागरिक आणि शेतकरी. ही रचना १८६६ पर्यंत टिकली. ऊला १८४७ पासून शेतकरी वर्गाचा प्रतिनिधी होता. जमीन कसणारा माणूस राजधानीत बसून कायद्यांवर बोलतो, ही त्या काळच्या युरोपात सहज दिसणारी गोष्ट नव्हती. शिवाय मालमो शहरातल्या सरकारी बँकेच्या शाखेच्या कारभारातही तो होता. घरी गोर्डलोसात पत्नी इंगार यॉन्सडॉटर आणि सात मुलं.

संसदेची अधिवेशनं स्टॉकहोमला, महिनोन्महिने चालणारी. तिथे ऊलाचे लोविसा कार्लेन या तरुणीशी संबंध जुळले. २० जानेवारी १८५९ रोजी स्टॉकहोममध्ये तिला मुलगा झाला, कार्ल. त्याच सुमारास बँकेतल्या व्यवहारांवरून ऊलावर लाच आणि अपहाराचे आरोप झाले. त्याच वर्षी तो लोविसाला आणि तान्ह्या कार्लला घेऊन अमेरिकेला निघून गेला.

मिनेसोटातल्या मेलरोझला पोचेपर्यंत ऊला मोन्सनचा ऑगस्ट लिंडबर्ग झाला होता, लोविसाची लुईझा आणि कार्लचा चार्ल्स ऑगस्ट. १८६१ मध्ये लाकूड कापण्याच्या गिरणीत ऑगस्टने एक हात गमावला आणि पुढची शेती उरलेल्या हाताने केली. इथे त्या दोघांना आणखी सहा मुलं झाली. लग्न मात्र १८८५ मध्ये झालं. १८९३ मध्ये ऑगस्ट वारला. स्टॉकहोममध्ये जन्मलेला तो मुलगा मिशिगन विद्यापीठात कायदा शिकला, लिटल फॉल्स गावात वकील झाला आणि १९०७ ते १९१७ अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मिनेसोटाचा प्रतिनिधी होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरू नये म्हणून त्याने उघड विरोध केला. वैमानिक चार्ल्स हा त्याचा मुलगा, जन्म १९०२. वडिलांच्या नशिबी मुलाचं ते उड्डाण पाहणं नव्हतं, १९२४ मध्येच ते गेले होते.

आडनावाने का अडतं

समजा, आजच्या एखाद्या वारसाकडे यातलं काहीच नाही. घरात फक्त ‘आपण स्वीडनचे’ एवढं सांगितलं गेलंय, आणि आडनाव लिंडबर्ग. तो काय करील? स्वीडनमधल्या लिंडबर्गांची यादी काढील आणि पत्रं पाठवील. त्या यादीतल्या एकाही माणसाशी त्याचं नातं निघणार नाही, अशीच शक्यता जास्त. एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर पडणारे, शिकणारे, धंद्यात शिरणारे अनेक स्वीडिश लोक झाडं, डोंगर, ओढे यांच्यावरून नवी आडनावं घेत होते. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो घरांनी एकच आडनाव उचललं.

खेड्यातल्या शेतकऱ्याला तर आडनावच नसे. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, तिथे तेच शेवटी लागायचं. मोन्सचा मुलगा मोन्सन. लग्नानंतरही बाई वडिलांच्याच नावाने ओळखली जाई, म्हणून इंगार शेवटपर्यंत यॉन्सडॉटर, म्हणजे यॉन्सची मुलगी. ऊलाच्या मुलांनी रूढीप्रमाणे ऊल्सन आणि ऊल्सडॉटर लावायचं. एका छपराखाली तीन-चार वेगळी ‘आडनावं’ नांदत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कायम, वंशपरंपरेने चालणारं आडनाव खेड्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हळूहळू रुळत गेलं. त्याच्या मागे जायचं तर प्रत्येक पिढीला नाव बदलतं हे गृहीत धरूनच चालावं लागतं.

अमेरिकेत एक समज घट्ट रुजलेला आहे, की न्यूयॉर्क बंदरावरच्या कारकुनांनी आपल्या पूर्वजांची नावं बदलली. त्या बंदरात येणाऱ्या स्थलांतरितांना तपासून आत घेणारं एलिस बेटावरचं केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं, म्हणजे ऊलाच्या प्रवासाला तेव्हा तेहतीस वर्षं झाली होती. नाव त्याने स्वतः बदललं, आणि तसं करायला त्याच्याकडे कारण होतं. पूर्वजांच्या नावात अचानक बदल दिसला, की कारकुनाला दोष देण्याआधी ‘या माणसाला मागचं काय पुसायचं होतं?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर दर वेळी लाजिरवाणं असतं असं नाही. शेजारी तीन कार्ल योहान्सन राहतात आणि पत्रं चुकीच्या घरी जातात, एवढंही कारण पुरे व्हायचं. पण प्रश्न विचारला पाहिजे.

वह्या

स्वीडनमध्ये वंशशोध करणारा माणूस भाग्यवान आहे, आणि ते भाग्य सतराव्या शतकातल्या एका कायद्याने दिलं आहे. १६८६च्या चर्च कायद्याने प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यावर जन्म, विवाह, मृत्यू आणि स्थलांतराच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी टाकली. त्याच कायद्यातून आणखी एक वही आली, जिच्या तोडीची नोंद जगात फार थोड्या देशांत सापडेल: घरोघरच्या परीक्षेची वही. पाद्री दरवर्षी घराघरातल्या माणसांची धर्मशिक्षणाची परीक्षा घ्यायचा. वाचता येतं का, प्रश्नोत्तरी पाठ आहे का, अर्थ कळतो का, हे खुणांनी लिहायचा. त्यासाठी घरात कोण कोण राहतं याची यादी हवीच. त्यामुळे एकेका शेतघराला एकेक पान मिळालं: मालक, त्याची बायको, मुलं, म्हातारे आईबाप, गडी, मोलकरणी, प्रत्येकाची जन्मतारीख आणि जन्माची पॅरिश. कुणी दुसरीकडे गेलं की नावावर रेघ आणि कुठे गेलं, केव्हा गेलं याची नोंद. एक वही साधारण पाच-दहा वर्षं चालायची, मग नवी.

धर्माच्या काळजीपोटी लिहिलेल्या त्या वह्यांनी गड्यांना आणि मोलकरणींनाही इतिहासात जागा दिली. राजेरजवाड्यांच्या वंशावळी सगळीकडे आहेत. इथे दर वर्षी मालक बदलणाऱ्या शेतमजुराचा मागसुद्धा पानामागून पान काढता येतो. मला या साऱ्या व्यवहारात सगळ्यात आदर वाटतो तो या गोष्टीचा.

१८९०च्या दशकात या वह्यांची जागा पॅरिशच्या नोंदवहीने घेतली. लोकसंख्येच्या नोंदी ठेवण्याचं काम चर्चकडे थेट १९९१ पर्यंत होतं, त्यानंतर ते कर खात्याकडे गेलं. जुने खंड राष्ट्रीय अभिलेखागाराने चित्ररूपात संगणकावर आणले आणि २०१८ पासून ते कुणालाही विनामूल्य पाहता येतात. अलीकडच्या नोंदींना सत्तर वर्षांपर्यंत गोपनीयतेचं बंधन असतं. जुन्या पानांवरचं अक्षर जर्मन वळणाचं आणि टोकदार असतं, पण महिने, नाती आणि शेतीचे शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात, त्यामुळे दोनेकशे शब्द ओळखीचे झाले की पान बोलायला लागतं.

या सगळ्याला एकच अट आहे. पॅरिश माहीत हवी. ‘स्कोने’ किंवा ‘मालमोजवळ’ म्हणून भागत नाही. स्वीडनमध्ये अडीच हजारांच्या आसपास पॅरिश होत्या आणि प्रत्येकीच्या वह्या वेगळ्या.

१८५९ ची दरी

मेलरोझच्या बाजूने शोधायला लागलं, तर जनगणनेत, नागरिकत्वाच्या कागदांत, १८८५च्या विवाहनोंदीत मिळतो तो ऑगस्ट लिंडबर्ग. जन्मस्थान म्हणून अशा कागदांत सहसा ‘स्वीडन’ एवढंच असतं. त्या नावाचा माणूस स्मेडस्टॉर्पच्या वहीत जन्मलाच नाही. हीच ती दरी.

प्रवासाची नोंदही इथे फारशी हात देत नाही. गॉथेनबर्ग बंदरातून जाणाऱ्यांच्या पोलिसी याद्या स्वीडिश वंशशोधकांचं आवडतं साधन आहेत, पण त्या १८६९ पासूनच्या. स्थलांतराची मोठी लाट १८६७ ते १८६९च्या दुष्काळानंतर उसळली, ऊला त्याच्या बराच आधी गेला. १८६० पर्यंत स्वीडनबाहेर जायला पासपोर्ट लागायचा, म्हणजे १८५९चा प्रवासी शोधताना पासपोर्टच्या नोंदींकडे वळायला हवं. आपल्या माणसाच्या वर्षाला कोणते कागद अस्तित्वात होते, हे आधी पाहिलं की महिनोन्महिन्यांची वणवण टळते.

मग लोविसा आणि बाळ. बाळ स्टॉकहोममध्ये जन्मलं, त्यामुळे तिथल्या जन्मनोंदी पाहाव्यात, हे खरं. पण त्या शतकाच्या मध्यावर स्टॉकहोममध्ये जन्मणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक विवाहबाह्य होती. शिवाय १७७८च्या एका राजाज्ञेने अविवाहित आईला नाव न सांगता बाळंत होण्याची मुभा दिली होती. नवजात बालकांच्या हत्या थांबाव्यात, हा तिचा हेतू. माणुसकीचा निर्णय होता तो, पण त्यामुळे अनेक नोंदींत आईबाप ‘अज्ञात’ राहिले. राजधानीत घरोघरच्या परीक्षेच्या वह्याही खेड्यांइतक्या नेटक्या नव्हत्या. लिंडबर्गांच्या बाबतीत ऊला सार्वजनिक जीवनातला माणूस होता, आरोपांचा गवगवा झाला होता, म्हणून कहाणी टिकली. तोच एखादा साधा गडी असता, तर १८५९ला धागा तुटला तो तुटलाच असता.

इंगारच्या दारातून

आता उलट बाजूने पाहू. स्मेडस्टॉर्पच्या वहीत गोर्डलोसाचं पान काढलं, की तिथे १८५९ आधी एक भरलेलं घर आहे. शोधणाऱ्याने पुढची वही उघडायची आणि पाहायचं: घरधनी कुठे गेला? बाईच्या नावापुढे पत्नी लिहिलंय की विधवा? शेत कुणाच्या नावावर आहे? मुलं कोणत्या वर्षी, कोणत्या पॅरिशला गेली? गेलेल्या माणसाने मागे काही ठेवलं नसलं, तरी राहिलेल्यांच्या नोंदी थांबत नाहीत. सात मुलं म्हणजे सात धागे: लग्नं, नातवंडं, घरं.

याला जोड म्हणून एक कागद आहे, ज्याकडे परदेशातून येणारे फार कमी वळतात. १७३४च्या कायद्यापासून स्वीडनमध्ये माणूस मेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी करणं बंधनकारक झालं. घरातल्या चमच्यांपासून गाईंपर्यंत आणि कर्जापर्यंत सगळं त्या यादीत येतं, आणि मथळ्याशी असतात वारसांची नावं. देशाबाहेर असलेला वारसही त्यात यावा लागतो. ‘मुलगा अमुक, उत्तर अमेरिकेत’ अशी एक ओळ कित्येक घराण्यांत दोन खंडांमधला एकमेव लेखी दुवा ठरली आहे. एखाद्या अविवाहित काकाच्या किंवा आत्याच्या मृत्यूनंतरची यादी तर सोन्याची खाण, कारण तिथे भावंडं आणि भाचरंही वारस म्हणून येतात.

या कहाणीच्या सगळ्या प्रसिद्ध आवृत्त्यांत इंगार एका वाक्यात येते: ‘पत्नी आणि सात मुलांना सोडून’. नातू जगप्रसिद्ध झाला तो दुसऱ्या घराचा, त्यामुळे कहाणीही त्या घराची झाली. पण गोर्डलोसाचं शेत, आरोपांनंतरचे शेजाऱ्यांचे डोळे, सात मुलांचं पोट, हे सगळं तिच्या वाट्याला आलं. मुळं शोधायला आलेल्या लिंडबर्गाने आधी तिचं पान उघडावं, असं मी म्हणतो, त्यात शोधाची सोय आहे आणि न्यायही.

प्रत्यक्ष भेट

वैमानिक चार्ल्स आणि त्याची पत्नी ॲन यांनी १९३३ मध्ये ग्रीनलंड, आइसलंडवरून युरोपपर्यंत हवाईमार्गांच्या पाहणीसाठी लांबलचक सफर केली. तीत ते स्वीडनलाही गेले आणि आजोबांच्या गोर्डलोसाला जाऊन आले.

आज जायचं तर मालमोहून यस्टाडमार्गे सिमरिसहामनला जाणारी लोकल पकडायची. तोमेलिल्लानंतर स्मेडस्टॉर्प. हा भाग उस्टरलेन म्हणून ओळखला जातो: गहू आणि मोहरीसारख्या पिवळ्या फुलांच्या पिकाची शेतं, सफरचंदाच्या बागा, चौसोपी शेतघरं. गोर्डलोसाला लोहयुगीन वसाहतीचं मोठं उत्खनन झालेलं आहे, म्हणजे या मातीत माणूस लिंडबर्गांच्या फार आधीपासून नांदतो आहे.

गाव म्हणून मनात जे चित्र असतं, ते मात्र इथे सापडत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्वानेहोल्मच्या रुटगर मॅकलीन या जमीनदाराने आपल्या जमिनीवर तुकड्यातुकड्यांची शेती मोडून प्रत्येक कुळाला एकसंध जमीन दिली आणि घरंही त्या जमिनीवर हलवली. १८०३ मध्ये ही पद्धत स्कोनेसाठी कायद्याने लागू झाली, मग देशभर. दाटीने वसलेली गावं फुटली आणि घरं शेतांमध्ये विखुरली. म्हणून ‘पूर्वजांचं घर’ कुठे होतं हे विचारण्याआधी भूमापन खात्याचे जुने नकाशे पाहावेत. तेही संगणकावर खुले आहेत. वहीतल्या शेतघराचा क्रमांक नकाशावर सापडला, की नेमक्या बांधावर उभं राहता येतं.

कबरींबाबतही आधीच मनाची तयारी हवी. स्वीडनमध्ये कबरीची जागा मुदतीने मिळते, हल्ली साधारण २५ वर्षं. घरच्यांनी मुदत वाढवली नाही तर जागा दुसऱ्याला जाते. एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याची कबर आज मिळणं दुर्मीळ. हजारो किलोमीटर येऊन चर्चच्या अंगणात रिकाम्या हाताने उभं राहिलेल्या माणसाला फार लागतं ते. चर्च मात्र बहुधा जागेवर असतं आणि बाप्तिस्म्याचं दगडी पात्र अनेकदा मध्ययुगीन, म्हणजे पूर्वजांना ज्यात न्हाऊ घातलं तेच.

जिवंत नातेवाईक शोधणं स्वीडनमध्ये तुलनेने सोपं आहे, कारण माणसांचे पत्ते आणि वाढदिवस ही तिथे सार्वजनिक माहिती मानली जाते. सोपं आहे म्हणून थेट दार वाजवू नये. आधी पत्र, सोबत वंशवृक्षाचं एक पान. गावोगावी स्थानिक वारसा मंडळं असतात, त्यांतल्या जुन्या मंडळींना कोणत्या घरात कोण होतं हे तोंडपाठ असतं. त्यांच्यामार्फत ओळख झाली तर उत्तम. बोलावणं आलं की दिलेल्या वेळेवर पोचावं, दारात बूट काढावेत आणि कॉफीला नाही म्हणू नये.

आणि इथे लिंडबर्गांसारख्या प्रकरणातली खरी नाजूक जागा येते. अमेरिकेतून आलेला माणूस लोविसाचा वंशज, गोर्डलोसाकडचा माणूस इंगारचा. दोघांचा पूर्वज एक, पण एकाच्या घरात तो धाडसाने नवं आयुष्य उभारणारा, दुसऱ्याच्या घरात निघून गेलेला. मेजवर वंशवृक्ष पसरला, की पाहुण्याने आपली बाजू सांगण्याआधी विचारावं: तुमच्याकडे त्याच्याबद्दल काय सांगत? आणि मग ऐकावं.

नात्याचं गणितही नीट मांडावं. आजोबा एक आणि आज्या वेगळ्या अशा दोन नातवंडांत सरासरी सव्वासहा टक्के डीएनए समान असतो, सख्ख्या चुलत भावंडांच्या निम्मा. आणखी दोन पिढ्या खाली उतरलं की ही सरासरी अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते आणि चाचणीत जुळणी न दिसणंही सहज शक्य असतं. ‘जुळलं नाही म्हणजे नातं नाही’ असा निष्कर्ष काढून कुणाचं मन मोडू नये. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र मात्र आई कोण हे पाहत नाही. दोन्ही घरांत अखंड पुरुषवंश असेल, तर ती चाचणी ऊलापर्यंत नेते.

डीएनएने या घराण्यात पुढे आणखी एक दार उघडलंच. वैमानिक चार्ल्स १९७४ मध्ये वारला. २००३ मध्ये म्युनिक विद्यापीठातल्या चाचणीने सिद्ध झालं, की जर्मनीतल्या तीन भावंडांचा तो बाप होता. लहानपणी त्या मुलांना तो वेगळ्याच नावाने ठाऊक होता. तेव्हा आजचा जो कुणी ऊला मोन्सनचा वंशवृक्ष मांडायला बसेल, त्याला कागद तीन देशांना पुरेल एवढा घ्यावा लागेल, आणि सुरुवात गोर्डलोसाच्या त्या पानापासून करावी लागेल, जिथे इंगार यॉन्सडॉटर आणि तिच्या सात मुलांची नावं आहेत.